हात न लावता

शर्मिला रामटेके नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. भंडाऱ्याहून त्या पुण्याला आल्या की शेजारणींना सांगतात, “सून कंप्यूटरच्या कंपनीत पॅकिंगले आहे.” शर्मिला त्यांना दुरुस्त करत नाही. मी एकदा तिला म्हटलं, अगं, नीट सांग तरी त्यांना. तर म्हणाली, “काका, चुकीचं काय आहे त्यात? पॅकिंगच तर करते मी.”

तसं ते खरंच आहे. प्रोग्राम लिहिणारे लोक वेगळे. तो लिहून झाला की गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसावा म्हणून त्याचं एक गाठोडं बांधावं लागतं, त्याला सेटअप म्हणतात. आपण त्यावर दोनदा टिचकी मारतो, काही न वाचता ‘पुढे, पुढे’ करत सुटतो आणि ‘झालं’ असं आलं की उठून चहा प्यायला जातो. कोणती फाइल कुठे ठेवायची, आधीचं जुनं काय काढायचं, मशीनकडे कशाकशाची परवानगी मागायची, मधेच वीज गेली तर काय करायचं, हे सगळं त्या गाठोड्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. ते भरायचं काम शर्मिलाचं. नीट भरलं असेल तर त्याची कोणाला आठवणही राहत नाही. चुकलं तर फोन येतो आणि तो मी उचलतो.

मी अनंत. कोथरूडमधल्या आमच्या या एवढ्याशा कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसतो. सगळे मला काका म्हणतात, मालकासकट. माझा स्वभाव फोनवर बसवण्याच्या लायकीचा नाही असं माझी बायको म्हणते, आणि गिऱ्हाइकांचं मतही फारसं वेगळं नसावं. ‘कॉम्प्युटर चालू आहे का?’ असं विचारलं की लोकांना राग येतो. निम्म्या वेळा तो चालू नसतो, तेव्हा त्यांना आणखी राग येतो.

आमची कंपनी एकच गोष्ट विकते, तिचं नाव ‘इशारा’. ज्यांचे हात चालत नाहीत अशांसाठी ती आहे. लॅपटॉपचा कॅमेरा माणसाच्या मानेवर लक्ष ठेवतो. मान वळेल तसा पडद्यावरचा बाण फिरतो आणि बाण एका जागी जरा थांबला की तिथे टिचकी पडते. आमच्या मालकाने, शुभंकरने, हे कॉलेजात असताना आजोबांसाठी बनवलं होतं. आजोबांना ते आवडलं नाही, पण इतरांना आवडलं आणि त्यातून कंपनी उभी राहिली.

शर्मिला इथे आली तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती, आता ती दहावीत आहे. वडील एस.टी.च्या भंडारा डेपोत मेकॅनिक होते. गाडी डेपोत आली की ते आधी ड्रायव्हरला विचारायचे, त्रास कुठे होतो, आणि मगच बॉनेट उघडायचे, असं ती सांगते. पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं ‘करून राहिली’ आणि ‘होऊन राहिलं’ काही गेलेलं नाही. सुरुवातीला ऑफिसातली पोरं त्यावरून हसायची. तिने एकदा शांतपणे विचारलं, “माझं बोलणं समजून राहिलं ना तुम्हाला? मग झालं तर.” तेव्हापासून कोणी हसलं नाही. बुद्धपौर्णिमेला ती मोठा डबा भरून खीर आणते आणि मला दुसऱ्यांदा वाढताना साखरेच्या औषधाची आठवण करून देते.

तिच्या टेबलाखाली जुन्या, मोडकळीला आलेल्या कॉम्प्युटरांचा गोतावळा आहे. नवं कोरं मशीन तिला चाचणीसाठी चालत नाही. नव्या मशीनवर काहीही बसतं, त्यात काय मोठेपणा, असं तिचं म्हणणं. म्हणून ती जुन्या मशीनवर मुद्दाम लग्नाचे फोटो कोंबते, तीन-तीन अँटीव्हायरस टाकते, मराठी नावांची फोल्डरं करते, पत्त्यांचे खेळ भरते. एखाद्या गिऱ्हाइकाचं मशीन कसं अडलं हे मी सांगितलं की ती तेवढीच घाण आपल्या मशीनवर करून बघते. घर आवरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, इतक्या मन लावून पसारा करणारी हीच एक.

आता मुद्द्याचं. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आणि तिने परवानगीचे नियम कडक केले. कोणताही प्रोग्राम काही मोठं करायला निघाला की पडदा अंधारतो, मधोमध प्रश्न येतो: याला परवानगी द्यायची का? हो की नाही. उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळं थांबतं. त्या अंधारलेल्या पडद्यावर दुसऱ्या प्रोग्रामला टिचकी मारता येत नाही, नाहीतर लबाड प्रोग्राम स्वतःच स्वतःला ‘हो’ म्हणून मोकळे होतील. नियम रास्तच आहे. पण आमच्या गिऱ्हाइकांचा हात म्हणजेच एक प्रोग्राम, त्यांनी काय करायचं? त्याचीही सोय नियमांत होती. ज्यावर कंपनीचा डिजिटल शिक्का आहे आणि जो सी ड्राइव्हवरच्या राखीव फोल्डरमध्ये बसला आहे, अशा मदतनीस प्रोग्रामला त्या पडद्यावर काम करू देतील. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, एकीवर भागणार नाही.

शर्मिलाने ते नियम नीट वाचले आणि मीटिंगमध्ये सांगितलं, “आता सेटअपने ‘कुठे ठेवू’ असं विचारायचंच नाही. सरळ सीवर ठेवायचं.”

शुभंकर म्हणाला, “अगं, लोकांना चॉइस हवा असतो. आणि संपत? तो भडकेल ना. आपल्या निम्म्या कॉपीज त्याच्यामुळे खपतात.”

संपत कोण, हे पुण्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शनिवार पेठेत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि अर्ध्या शहराचे कॉम्प्युटर त्याच्या हाताखालून जातात. असे संपत पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि सगळ्यांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा आहे: सी ड्राइव्ह कधीही फॉरमॅट करावा लागेल, तेव्हा जे काही जपायचं ते डीवर ठेवा. फोटो डीवर, पत्रिका डीवर, प्रोग्रामसुद्धा डीवर. लोकही ते इतकं मानतात की सीवर काही ठेवलं तर घराबाहेर चपला ठेवल्यासारखं त्यांना वाटतं.

शुभंकरने ऐकलं नाही. चॉइस तसाच राहिला. शर्मिला वाद वाढवणारी नाही, तिने फक्त त्या जागी सूचना घातली की सी ड्राइव्हच निवडावा. सूचना पुण्यात पाट्यांवर वाचतात, पडद्यावर कोणी वाचत नाही.

आणि मग दत्तप्रसाद सरांचा फोन आला.

सर गणिताचे. कोथरूडमध्येच एका क्लासमध्ये दहावीला शिकवायचे. तीन वर्षांपूर्वी खडकवासल्याहून परतताना स्कूटर घसरली आणि मानेखालचं शरीर गेलं. आता ते घरून ऑनलाइन शिकवतात, संध्याकाळची एक बॅच. मान, इशारा आणि आवाज, एवढ्यावर भूमितीची प्रमेयं काढून दाखवतात. मिसेस नोकरीला जातात, दिवसभर सांभाळायला कांताबाई असतात.

“अनंतराव, मी संपतकडून तुमचं नवं व्हर्जन टाकून घेतलं,” सर म्हणाले. “तेव्हापासून पडदा अंधारला की तुमचा बाण मरतो. मग मी कांताबाईंना हाका मारतो. त्या कणीक मळत असतील तर हात धुऊन येतात, गच्चीवर असतील तर येतच नाहीत. विकत घेताना असं काही ठरलं नव्हतं.”

“सर, तेवढं एकदा ‘हो’ दाबलं की झालं,” मी म्हणालो.

“मग तुम्ही येऊन राहता का इथे? दाबायला?”

पुण्यात टोमणा मारण्याचा मान सहसा माझ्याकडे असतो.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. आदल्या आठवड्यात ऐन क्लासमध्ये पडदा अंधारला होता. कांताबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलेल्या. पोरं तिकडे पडद्याकडे बघत बसली, सर इकडे. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. मिसेस म्हणाल्या, पुरे झालं, तुमचीच चिडचिड होते आणि त्रास मला बघवत नाही, दिवाळीनंतर ही बॅच बंद करू. त्या वाईट हेतूने म्हणत नव्हत्या.

“बॅच बंद झाली की मी दिवसभर छताकडे बघणार,” सर म्हणाले. “छत मला पाठ आहे.”

मी फोन ठेवला आणि शर्मिलाला सगळं सांगितलं. तिने लगेच पर्स उचलली. “चला काका. त्यांचंच मशीन पाहू.”

सरांचा फ्लॅट ऑफिसपासून चालत जाण्यासारखा. कांताबाईंनी दार उघडलं, आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि मगच आत घेतलं. सर खुर्चीत होते, समोर लॅपटॉप. शर्मिलाने मशीनला हात लावण्याआधी त्यांना विचारलं, “सर, त्रास नेमका कधी होते?” त्यांनी सगळं सांगितलं. मग तिने कांताबाईंना विचारलं, “तुम्ही काय दाबता, मावशी?”

“म्या काय विंग्रजी वाचाया बसती व्हय?” कांताबाई म्हणाल्या. “निळं दिसलं की दाबती. वहिनींनी सांगितलंया, निळं बरूबर असतंय.”

म्हणजे आजवर त्या मशीनने जे जे विचारलं त्याला कांताबाईंनी ‘हो’च म्हटलं होतं. त्यामुळे लॅपटॉपवर हवामानाची पट्टी होती, दोन खेळ होते आणि कोणत्याशा परदेशी दुकानाच्या जाहिराती कोपऱ्यातून डोकं काढत होत्या. सर त्या जाहिरातींकडे बघायचे, दुसरं काय करणार?

शर्मिलाने बघितलं, इशारा डीवर. मी तिथल्या तिथे संपतला फोन लावला, चांगला फैलावर घेणार होतो. पण सर मधेच म्हणाले, “त्याला काही बोलू नका. डीवर टाक असं मीच बजावलं होतं. गेल्या वर्षी मशीन बंद पडलं, सी सगळा पुसला गेला. माझे सगळे धडे डीवर होते म्हणून वाचले. संपतने ठेवले होते.”

झालं. रागवायला कोणी उरलंच नाही, आणि अशा वेळी मला फार अवघडल्यासारखं होतं.

शर्मिलाने प्रोग्राम काढून सीवरच्या राखीव फोल्डरमध्ये बसवला. मग मुद्दाम परवानगीचा पडदा आणला. पडदा अंधारला आणि बाण तरीही जिवंत राहिला. सरांनी मान किंचित उजवीकडे नेली, बाण ‘हो’वर थांबला, टिचकी पडली. कांताबाईंनी “आगं बया!” म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला. मी निघायच्या तयारीने उठलोसुद्धा.

“थांबा,” सर म्हणाले. “पुढचं अपडेट येईल तेव्हा?”

“तेव्हा तुम्हीच टाकाल ना, सर,” शर्मिला म्हणाली.

“मग आत्ताच बघू. हात लावू नका.”

तिने तोच सेटअप नव्या अपडेटसारखा चालू करायला त्यांना सांगितलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. सरांनी मानेने तो चालू केला. सेटअपने आधी इशारा बंद केला, कारण चालू प्रोग्रामची फाइल बदलता येत नाही. जगातले बहुतेक सेटअप असंच करतात. आणि मग पडदा अंधारला: परवानगी द्यायची का?

बाण नव्हता. जो हात ‘हो’ म्हणणार, तोच आम्ही आधी काढून घेतला होता. सरांना ते कळलं होतं, तरी त्यांनी मान उजवीकडे नेली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. त्या खोलीत मला माझ्या दोन हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी कांताबाई पुढे झाल्या आणि त्यांनी निळं दाबलं.

परत आल्यावर ऑफिसच्या जिन्यात थांबून शर्मिला म्हणाली, “काका, इतकी वर्षं मी हा सेटअप बांधून राहिली. तो हातवाल्या माणसासाठी बांधत होती मी.”

दुसऱ्या दिवसापासून ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागली. आपलाच सेटअप, आपल्याच मानेने, टेबलाखालच्या त्या भंगार मशीनवर. नाकावर खाज आली तरी हात काढायची नाही. चहावाला आला तर त्याला मान हलवून ‘ठेव’ म्हणायची आणि चहा गार व्हायचा. जिथे अडेल तिथे मला हाक मारायची, मी दाबायचो आणि ती मला म्हणायची, “बघा, इथे पण माणूस लागला.” संध्याकाळी तिची मान अवघडलेली असायची. मी तिला तेल लावून शेकायला सांगितलं, तर म्हणे सरांना कोण सांगते शेकायला?

शुभंकरला हे पटेना. एका मोठ्या हॉस्पिटलने इशारा घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांना नव्या सोयी हव्या होत्या आणि सगळ्यांनी त्या कामाला जुंपून घ्यावं असं त्याला वाटत होतं. “शर्मिला, अपडेट काय रोज येतं का? वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी येऊन क्लिक करेल. इट्स फाइन.”

शर्मिला उभी राहिली. मी तिला इतक्या वर्षांत मीटिंगमध्ये उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. “मग आपण काय विकून राहिलो सांगा ना,” ती म्हणाली. “लोकांना हाका मारू नयेत म्हणून विकतो ना आपण हे? आणि आपणच त्यांना हाका मारायला लावतो. मला राग येऊन राहिला सर, तुमचा नाही, माझाच. पण येऊन राहिला.”

शुभंकर मुलगा चांगला आहे. त्याने विचारलं, “बरं, पण करणार कसं? प्रोग्राम बंद न करता बदलायचा कसा?”

तेव्हा शर्मिलाने जे उत्तर दिलं त्याने ऑफिसातली दोन पोरं खाली बघायला लागली. ती म्हणाली, “परकराची नाडी बदलता कधी? तुम्ही कशाला बदलाल. जुनी आधी ओढून काढली तर नवी घालायला पिन शोधत बसा. म्हणून जुनीच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनी ओढायची. नवी आपोआप आत जाते, मग गाठ सोडायची. तसंच. जुना इशारा चालू असतानाच परवानगी मागायची. नवा त्याच्या शेजारी ठेवायचा, चालू करायचा. त्याने मान ओळखली की मगच जुना बंद.”

शुभंकर खुर्ची तिच्या टेबलाशी ओढून म्हणाला, “दाखव, कुठे अडतंय.” आणि हात मांड्यांखाली घालून बसला. मालकाला तसं बसलेलं बघून मला हसू आवरेना, पण त्याची मान अशी काही वाकडी झाली की नंतर वाईट वाटलं. उठताना तो म्हणाला, “हॉस्पिटलला मी सांगतो, थोडं थांबा.”

सांगायला सोपं, करायला नाकी नऊ आले. पहिल्या खेपेला दोन्ही बाण एकदम चालू राहिले आणि एकमेकांना ओढायला लागले, टिचकी भलतीकडेच पडायची. दुसऱ्या खेपेला नव्याने मान ओळखायच्या आत जुना बंद झाला. एका मशीनवर तर परवानगीच दोनदा विचारली गेली. शर्मिला प्रत्येक खेपेला नुसतं ‘हं’ म्हणायची आणि पुन्हा बांधायला घ्यायची. शिक्का प्रत्येक नव्या गाठोड्यावर नव्याने मारावा लागतो, तोही ती स्वतः मारायची, दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही.

फोल्डरचा चॉइसही गेला. अपेक्षेप्रमाणे संपतचा फोन आला. “हे काय चाललंय? सीवर टाकायचं आणि उद्या फॉरमॅट मारला की माझ्या नावाने शंख!” मी तोंड उघडण्याआधी शर्मिलाने फोन घेतला. “संपतभाऊ, तुमचंच बरोबर आहे. सरांचे धडे तुमच्यामुळे वाचले. म्हणून आता सेटअप प्रोग्राम सीवर ठेवते आणि माणसाची सेटिंगं, त्याच्या मानेची ओळख, हे सगळं कुठे ठेवू म्हणून विचारते. तिथे तुम्ही डी लिहा. सी उडाला तर प्रोग्राम पुन्हा येईल, माणसाचं काही जाणार नाही.” संपत म्हणाला, “ताई, हे आधीच नाही का करायचं?” पुण्यात याला कौतुक म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा बॅचचा शेवटचा दिवस जवळ आला. सरांचा निरोप होता: त्या दिवशी क्लासच्या आधी अपडेट टाकणार, एकटे. कोणाचाही हात लागला तर मिसेसचं म्हणणं मान्य आणि बॅच बंद. तसं त्यांनी मिसेसना सांगूनही टाकलं होतं. मी त्यांना म्हटलं, सर, एवढी पैज कशाला लावता? तर म्हणाले, “अनंतराव, सिद्धता एकतर होते नाहीतर होत नाही. जवळपास झाली असं गणितात नसतं.”

आम्ही ऑफिसातून व्हिडिओवर बघत होतो. शर्मिला पुढे, तिच्या मागे शुभंकर आणि मी. पलीकडे सर दिसत होते आणि त्यांच्या पडद्यावर काय चाललंय तेही. त्यासाठी त्यांच्या मिसेसनी दुसरा फोन लॅपटॉपकडे तोंड करून ठेवला होता. मिसेस त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी आल्या होत्या. त्या आणि कांताबाई दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, कारण आत यायचं नाही असं ठरलं होतं.

सरांनी मान वळवली, सेटअप चालू झाला. पडदा अंधारला. प्रश्न आला. आणि बाण होता. अंधारात पांढरा बाण स्पष्ट दिसत होता. शर्मिलाने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

बाण ‘हो’कडे निघाला. ‘हो’च्या जवळ गेला, थांबायला आला, आणि मग सरांनी सावकाश मान डावीकडे नेली. बाण ‘नाही’वर जाऊन थांबला. टिचकी पडली.

“अरे!” शुभंकर ओरडला. “हे काय केलं त्यांनी?”

मी कपाळाला हात लावला. ‘नाही’ म्हटल्यावर सेटअप अर्धवट सुटतात, मागे काय मोडून ठेवतील याचा नेम नसतो, हे मी इतके फोन घेऊन शिकलोय. दारातल्या मिसेसचा हात तोंडावर गेला होता. माझ्या मनात आलं, संपलं, आता कोणालातरी आत जावं लागणार, बॅच गेली.

“असू द्या,” शर्मिला अगदी हळू म्हणाली. “काही होत नाही. बघा तुम्ही.”

पडदा उजळला. सेटअप काही न मोडता निमूटपणे बंद झाला. आणि जुना इशारा जिथे होता तिथेच होता. बाण सरांच्या मानेबरोबर डुलत होता. त्यांनी तो पडद्यावर सगळीकडे फिरवून आणला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि आमच्याकडे बघून हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

“घाबरलात?” ते म्हणाले. “माफ करा. पण तीन वर्षांत या घरात माझ्या वतीने ‘हो’ सगळ्यांनी म्हटलं. जेवणाला हो, औषधाला हो, या मशीनला हो. सगळ्यांनी मायेने म्हटलं, तक्रार नाही. पण मला ‘नाही’ म्हणता येतं का, हे एकदा बघायचं होतं.”

शर्मिला रडत होती. तिने डोळे पुसलेसुद्धा नाहीत, कारण हात मांड्यांखाली होते. सवयीने ती तशीच बसली होती.

सरांनी सेटअप पुन्हा चालू केला. पडदा अंधारला आणि या वेळी बाण सरळ ‘हो’वर गेला. पट्टी भरत गेली. क्षणभर दोन बाण दिसले, एकावर एक, मग जुना विरून गेला आणि नवा राहिला. त्यानंतर सरांनी कोपऱ्यातल्या त्या परदेशी दुकानाच्या जाहिरातीवर बाण नेला. हे काढून टाकायचं का, असं मशीनने विचारलं, पडदा पुन्हा अंधारला आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं. हवामानाची पट्टी काढली. दोन्ही खेळ काढले.

दारातून मिसेस म्हणाल्या, “अहो, आत येऊ का?”

“नको,” सर म्हणाले. “पाच वाजले, मुलं यायला लागली.” मग म्हणाले, “सुट्टीनंतरची वेळ आज मुलांना सांगायची आहे. साडेपाच ठेवू की पाचच?”

“पाचच ठेवा,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी बाहेरूनच दार ओढून घेतलं.